बापूलालभाईंचं लायसन

"पाय, भाई. हात नाही, पाय."

बापूलालभाईंनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी छातीकडं ओढून धरलं होतं. पाठ सीटला रेटलेली, दोन्ही पाय पुढं काठीसारखे ताठ, ओठ आवळलेले. इंजिन कोकलत होतं. समोर मार्केट यार्डाच्या गेटात एक म्हैस आडवी उभी होती आणि तिला आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी म्हशीपासून हातभरावर थांबली.

"थांबली," भाई म्हणाले.

"मी थांबवली. तुमचे पाय कुठं आहेत बघा बरं."

भाईंनी वाकून बघितलं. डावा पाय क्लचवर होता, उजवा एक्सलेटरवर. कुणीतरी ठेवायला दिलेल्या वस्तूकडं बघावं तसे ते आपल्या पायांकडं बघत राहिले.

"ब्रेकवर कुठला हवा होता?"

"उजवा."

"मग?"

"उद्यापासनं जाईल की बाई," ते म्हणाले. जणू उजवा पाय कुठं परगावी गेला होता.

या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. आमच्या तालुक्याच्या गावात तेव्हा मोटार ड्रायव्हिंग स्कूल एकच, आमचं. स्कूल म्हणजे काय, स्टँडसमोर एक गाळा, त्यात टेबल, रस्त्यावरच्या खुणांचा एक तक्ता, आणि बाहेर एक पांढरी मारुती आठशे. बोर्डावर नाव माझ्या नवऱ्याचं, परवानाही त्यांचाच. पण त्यांच्या कमरेत चकती सरकली आणि ते टेबलाशी बसले. शिकवायला मी जायला लागले. मला गाडी शिकवली कुणी नव्हती. हे शिकवायचे तेव्हा मी मागच्या सीटवर बसून स्वेटर विणायची, तेवढ्यावर शिकले. गाडीबरोबर कंपनीचं पुस्तक मिळालं ते तीनदा वाचून काढलं, न कळलेल्या शब्दांसकट.

शिकवायच्या गाडीत डाव्या सीटपुढंही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला असतो. शिकणारा चुकला की शेजारच्यानं दाबायचा. भाईंच्या वेळी पंधरा मिनिटांत पंधरा वेळा दाबावा लागायचा.

चूक त्यांची नव्हती. बापूलाल तांबोळी सत्तावीस वर्षं टांगा हाकत होते. स्टँडवरचा शेवटचा टांगा त्यांचाच. घोडीचं नाव शबनम. टांगेवाला घोडी थांबवतो कशी, ते मी त्यांच्याकडून नीट ऐकून घेतलं होतं. लगाम ओढायचा, अंग मागं टाकायचं, आणि दोन्ही पाय पुढच्या फळीला ताणून द्यायचे. घोडी जेवढी उधळलेली तेवढे पाय जास्त ताणायचे. सत्तावीस वर्षं भीती वाटली की भाईंचं अंग हे एवढंच करत आलं होतं. आता फळीच्या जागी क्लच आणि एक्सलेटर आले होते, एवढाच काय तो फरक.

"शबनमला ब्रेक नव्हता बाई," ते म्हणायचे. "पर ती ऐकायची."

"ही ऐकत नाही. हिला पायानं सांगावं लागतं."

"आडमुठी हाय जरा."

रिक्षा आल्या, मग माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपा आल्या, आणि टांग्यात म्हाताऱ्या आणि लहान पोरं सोडून कुणी बसेना. शेवटी शबनम विकली. भाई गुळाच्या गोदामात पोत्यांची तोंडं शिवायला जायला लागले. खाली मान घालून दाभणानं पोती शिवायची, बोलायचं कुणाशी नाही. ज्या माणसानं आयुष्यभर रस्त्यावरच्या प्रत्येकाला हाक मारली, त्याला हे काम सोसेना. तेवढ्यात आनंदा शेवाळे भेटला. त्याच्या दोन जीपा होत्या, गावापासून खिंडीपलीकडच्या वाड्यांपर्यंत चालायच्या. तो म्हणाला, भाई, लायसन काढा, एक जीप तुमच्या हातात देतो. सगळा रस्ता तुम्हाला ओळखतो, सवारी आपणहून येईल. वडापला खरं म्हणजे सवारी गाडीचा वेगळा बॅज लागतो, पण आमच्या भागात साधं लायसन असलं तरी तो माणूस कायद्याचा समजला जायचा.

त्या दिवसापासून भाईंना दुसरं काही सुचत नव्हतं. एकोणपन्नासाव्या वर्षी ते वही घेऊन यायचे आणि तक्त्यावरच्या खुणा काढून घ्यायचे. खुणा सगळ्या पाठ झाल्या. गिअर उत्तम पडायचा. वळण तर असं घ्यायचे की मला शिकवणारा कुणी असता तर त्यानं माझ्यापेक्षा त्यांनाच शाबासकी दिली असती. फक्त समोर काही आडवं आलं, की अंग मागं आणि पाय पुढं.

पहिला आठवडा मी दर वेळी सांगत होते. भाई, मी दाबला. भाई, हा पण मीच दाबला. दर वेळी त्यांचा चेहरा उतरायचा आणि पुढचा अर्धा तास गिअरसुद्धा चुकायचे.

आठव्या दिवशी त्यांची बायको, जैतूनभाभी, गाळ्यावर आली. हातात वाटीभर खीर, वर ताटली झाकलेली.

"बाई, एक सांगू का? राग नका मानू."

"सांगा की."

"त्यास्नी चुकलं चुकलं म्हणू नका. घरी येऊन जेवत न्हाईत. रातच्याला उठून बाजंवर बसत्यात आन् पाय हालवत्यात."

"अहो, पण शिकवायचं कसं मग?"

"शिकतील की. कौतुक केलं की शिकत्यात ते. घोडीवर पण कधी आवाज चढवला न्हाई त्यांनी."

खीर चांगली होती. मी दुसऱ्या दिवसापासून बोलायचं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी डेअरीच्या वळणावर सायकलवाला आडवा आला. भाईंनी ओढलं, पाय ताणले, इंजिन ओरडलं. मी माझा पाय हळूच दाबला आणि खिडकीबाहेर बघितलं. गाडी छान थांबली.

भाईंनी माझ्याकडं बघितलं.

"जमतंय," मी म्हणाले.

हसले तेव्हा त्यांचा पुढचा एक दात नाही, हे मला पहिल्यांदा कळलं. त्यानंतर रोज गाडी थांबत गेली आणि रोज मी छान म्हणत गेले. मनात म्हणायचे, भीती गेली की पाय आपोआप जाईल जागेवर. भीती खरंच गेली.

आमच्याकडं आरटीओचा कॅम्प महिन्यातून एकदा, मंगळवारी, मार्केट यार्डाच्या मैदानात असायचा. आदल्या शनिवारी मी नवऱ्याला म्हणाले, "भाईंना या कॅम्पला नको बसवायला."

हे फॉर्मवर शिक्के मारत होते. "का?"

"गाडी थांबवता येत नाही त्यांना."

"मागच्या महिन्यात कुणाला येत होती?"

"त्यांना वडाप चालवायचंय. माणसं बसणार आहेत पाठीमागं."

"सरोज, रस्ता शिकवतो सगळं. आपण फक्त लायसनपर्यंत पोचवायचं. तू असशील की शेजारी."

कॅम्पला शिकवणारा शेजारी बसायचा, ही आमच्याकडची रीत होती. साठ-सत्तर माणसं, साहेब एक, आणि दुपारी त्यांना परतायचं असायचं. साहेब लिंबाखाली खुर्चीत बसत. त्यांना तिथून गाडी दिसायची, पाय दिसायचे नाहीत. साहेबांना हे ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. वाईट माणूस नव्हता. आपण काही चुकीचं करतोय असं त्या मैदानात कुणालाच वाटत नव्हतं, मलाही फारसं नाही.

तरी मी सोमवारी भाईंना म्हणाले, "पुढच्या महिन्यात बसलात तर?"

"का ओ बाई?"

"थोडी सवय होईल अजून."

"रोज छान म्हणता की."

याचं उत्तर नऊ दिवसांमागं राहिलं होतं.

"आनंदा थांबायचा न्हाई," भाई म्हणाले. "त्याचा मेव्हणा टपून बसलाय जीपवर. उद्या झालं तर झालं, न्हाईतर पोती हायतच. मरंस्तवर हायत." मग जरा थांबून, "बाई, तुमास्नी काय दिसतंय का माझ्यात? काय चुकतंय का?"

मी त्यांच्याकडं बघितलं. स्वच्छ धुतलेला शर्ट, वरचं बटण लावलेलं. उद्यासाठी दाढी आजच करून आले होते, म्हणजे उद्या परत करणार होते.

"नाही," मी म्हणाले. "या उद्या नऊ वाजता."

मंगळवारी आमचे चौदा जण होते. भाईंचा नंबर अकरावा. परीक्षा अशी की चुन्याच्या रेघेवरून निघायचं, गोदामाला वळसा घालायचा, मग गोदामाच्या उतारावरून खाली यायचं आणि खालच्या रेघेवर थांबायचं. निघाले सुरेख. वळसा असा घेतला की मागच्या नंबरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. उताराला लागलो तशी गाडीनं वेग घेतला, आणि मला त्यांची पाठ सीटला टेकल्याचा आवाज आला. हात आले छातीशी. पाय गेले पुढं. इंजिन ओरडायला लागलं.

रेघ वीस फुटांवर होती. मी पाय उचलून ठेवला असता तर गाडी रेघेवरून पुढं जाऊन गुळाच्या ढेपांच्या थप्पीत शिरली असती. भाई नापास झाले असते, ढेपा फुटल्या असत्या, सगळं मैदान हसलं असतं. एवढंच झालं असतं.

मी दाबला. बंपर रेघेच्या बरोबर वर आला.

"आवाज फार करतोय," साहेब लिंबाखालून म्हणाले. "एक्सलेटर कमी द्या. पास. पुढचा."

भाई खाली उतरले आणि आठशेच्या बॉनेटवर त्यांनी दोनदा थोपटलं, घोडीच्या मानेवर थोपटतात तसं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आडमुठी न्हाई ओ बाई. ऐकती."

संध्याकाळी जैतूनभाभी पेढे घेऊन आली. ह्यांनी दोन खाल्ले.

आनंदानं जीप दिली. पुढचे दीड महिने मला भाई रोज दिसायचे. स्टँडच्या कोपऱ्यावर दार धरून उभे, कोळेवाडी, कोळेवाडी, चला मावशी, सरका आत. आवाज परत आला होता. मला बघितलं की हात कपाळाला लावायचे आणि सवाऱ्यांना सांगायचे, ह्या आमच्या मास्तरीणबाई. मी ओशाळून पटकन पलीकडं जायचे. खिंडीत गर्दी नसते, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच चालते, एव्हाना शिकले असतील, असं मी रोज स्वतःला सांगायचे. एकदा वाटलंही, जीपमध्ये पुढं जाऊन बसावं आणि एक फेरी करून यावी. पण मग काय सांगायचं? मी कशाला आले म्हणायचं? गेले नाही.

बाजाराच्या दिवशी, सकाळी साडेदहाला, ते खिंड उतरत होते. जीपमध्ये चौदा माणसं. दुसऱ्या वळणावर एसटी समोर आली. एसटीवाल्यानं नंतर सांगितलं की जागा भरपूर होती, जीपवाल्यानं नुसता ब्रेक मारला असता तरी भागलं असतं. पण जीप ओरडत, थांबायच्या ऐवजी वेग घेत आली, एसटीला घासली आणि खालच्या ओढ्यात गेली. दोघी गेल्या. कोथिंबिरीच्या पेंढ्या घेऊन निघालेली एक म्हातारी, आणि बारावीची एक मुलगी, बायोलॉजीचं जर्नल सही करून आणायला निघाली होती. मुलगी कोळेवाडीच्या पोस्टमनची. मी त्या दोघींना ओळखत नव्हते. नावं पेपरात वाचली. पाठ झालीत, पण ती इथं लिहिणार नाही.

ह्यांनी पेपर घडी घालून टेबलाच्या खणात ठेवला. म्हणाले, "आनंदानं ब्रेक बघून घेतले नसतील. जुनी जीप."

तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेले.

भाई कोपऱ्यातल्या खाटेवर होते. डाव्या पायाला प्लास्टर, कपाळावर टाके. जैतूनभाभी औषधं आणायला खाली गेली होती. दाराशी एक होमगार्ड स्टुलावर बसून डुलक्या घेत होता.

"बाई आल्या," भाई म्हणाले आणि उठून बसायला लागले.

"पडून राहा."

मी पिशवीतून मोसंबी काढून कपाटावर ठेवली, मग पिशवीची घडी घातली, मग ती उलगडून परत घातली.

"साहेब लोकांनी जीप तपासली," ते म्हणाले. "म्हणत्यात ब्रेक एकदम चांगला हाय. म्हंजी कसं ओ बाई? चांगला असता तर थांबली नसती का?"

"तुम्ही काय केलं होतं, भाई?"

"जे रोज करतो तेच. जे तुमच्या गाडीत करत हुतो तेच. ओढली, पाय दिले ताणून. तुमची लगीच थांबायची. कॅम्पला तर बराबर रेघंवर थांबली. ही ओरडली नुसती. थांबंचना. मी आजून ताणले, आजून ओरडली." त्यांनी मान माझ्याकडं वळवली. "दीड महिन्यात अशी येळच आली न्हवती. हळूच चालवायचो मी, चढ-उतार सगळा पहिल्यावर, पाय उचलला की आपसूक थांबायची. आली तवा हिनं दगा दिला. माझं काय चुकलं, ते तुमीच सांगू शकाल. बाकी कुणाला काय कळतंय."

खिडकीबाहेर कुणीतरी पंपावर बादली भरत होतं. ती भरून वाहायला लागली.

"भाई, कॅम्पला मी दाबला होता."

त्यांना लगेच कळलं नाही. "काय?"

"ब्रेक. माझ्या बाजूचा. मी दाबला म्हणून थांबली."

"कॅम्पला?"

"कॅम्पला."

"आन् डेअरीच्या वळणावर? सायकलवाला आलता तवा?"

"तेव्हा पण."

ते मनात काहीतरी शोधत राहिले. मला दिसत होतं ते काय शोधत होते. एकेक वळण, एकेक म्हैस.

"मग माझ्या पायानं," ते म्हणाले, "एकदा तरी थांबली हुती का?"

"नाही."

"तुमी छान म्हणायचा."

"हो."

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला काहीतरी बोलता आलं असतं. ते इतकंच म्हणाले, "ती पोरगी पुढं माझ्याशेजारीच बसली हुती. विचारत हुती, भाई, टांगा का सोडला. मी म्हणलं, बाळ, शिकलो आता."

मी तिथंच उभी होते. खुर्ची होती बाजूला, पण बसवत नव्हतं.

तेवढ्यात हवालदार आला. हातात रबरी पट्ट्याची फाईल. वय झालेला माणूस होता, चढून आल्यानं धापा टाकत होता. खाटेच्या पायथ्याशी टेकला आणि पेन झटकून म्हणाला, "हं, बापूलाल. जबाब पुरा करायचाय. काल म्हणालास ब्रेक फेल. आज काय?"

"ब्रेक चांगला हुता साहेब," भाई म्हणाले. तोंड अजून भिंतीकडंच.

"मग?"

"मला येत न्हवतं."

हवालदारानं पेन थांबवलं. "काय येत नव्हतं?"

"थांबवायला."

"लायसन आहे की तुझ्याकडं."

"हाय."

"मग शिकलास कुठं?"

स्कूलचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. मी हे रोज आठवून बघते, खरंच आलं होतं का. आलं होतं. आमच्या स्कूलचा कागद आरटीओच्या दप्तरात होता, या इसमास आम्ही पूर्ण प्रशिक्षण दिले असून तो वाहन चालवण्यास सक्षम आहे, खाली शिक्का, शिक्क्याखाली ह्यांची सही, जी मीच करायची. कुणी मागितला असता तर मिळाला असता. पुढं खटला चालला, त्यात तो कुणी मागितला नाही, ना सरकारनं ना वकिलानं. भाईंना दोन वर्षांची सजा झाली.

"असाच शिकलो," भाई म्हणाले. "दोस्तांच्या गाड्यांवर. हिकडं तिकडं."

हवालदार लिहीत राहिला. एक ओळ संपली तशी त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. "या कोण? घरच्या?"

भाईंनी तेव्हा तोंड वळवलं. माझ्याकडं असं बघितलं, जशी मी स्टँडवरची एखादी सवारी, आठवायचा प्रयत्न करावा लागतो अशी.

"वळखीच्या हायत," ते म्हणाले. "टांग्यातनं यायच्या कधीतरी. बघायला आल्यात."

मी त्यांच्या टांग्यात कधीच बसले नव्हते.

"मग उभ्या का ताई?" हवालदार म्हणाला आणि त्यानं पायानं खुर्ची माझ्याकडं सरकवली. "बसा की."

मी बसले.